न आलेल्या साथीचा ताळेबंद

(बी. कॉम. द्वितीय वर्ष, मराठी विभाग)

जमाखर्चशास्त्राच्या अगदी सुरुवातीच्या धड्यांत एक संकेत शिकवला जातो. होऊ शकेल अशा तोट्याची तरतूद आधी करून ठेवावी. होऊ शकेल असा नफा मात्र प्रत्यक्ष हातात पडेपर्यंत वहीत धरू नये. सावधगिरीचा संकेत म्हणून आम्ही तो अकरावीपासून पाठ करीत आलो आहोत. एखाद्या पेढीवाल्याने बुडीत उधारीची तरतूद केली आणि सुदैवाने वर्षअखेर सगळी उधारी वसूल झाली, तर त्याला कोणी मूर्ख म्हणत नाही. हिशेब तपासनीस त्याची पाठच थोपटतो. पण हाच संकेत सार्वजनिक आरोग्याच्या एखाद्या संस्थेच्या प्रमुखाने पाळला, साथ येईल म्हणून तरतूद केली आणि साथ आलीच नाही, तर? तर तो उधळ्या ठरतो, भित्रा ठरतो, लोकांच्या पैशाचा चुराडा करणारा ठरतो. आणि एखादे वेळी त्याची खुर्चीही जाते.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने डॉक्टरांच्या प्रांतात लुडबुड का करावी, असे विज्ञान शाखेतले मित्र विचारतील. माझे उत्तर साधे आहे. कोणत्या रोगावर कोणते औषध द्यावे हे मला कळत नाही आणि त्याविषयी मी काही लिहिणारही नाही. पण एखाद्या माणसाच्या कारकिर्दीचा हिशेब कसा मांडावा, काय नावे लिहावे आणि काय जमेस धरावे, हा प्रश्न आमच्याच वर्गातला आहे. आरोग्यखात्यांच्या प्रमुखांचा हिशेब आपण बहुतेक वेळा चुकीचा मांडतो, असे माझे स्पष्ट मत आहे. उदाहरणासाठी मी एका अमेरिकन माणसाची कारकीर्द घेतो. त्यांचे नाव डॉ. डेव्हिड सेन्सर.

अमेरिकेतल्या अटलांटा शहरात १९४६ साली एक सरकारी संस्था स्थापन झाली. दुसऱ्या महायुद्धात लष्करी तळांच्या आसपास हिवताप पसरू नये म्हणून डासांविरुद्ध काम करणारे एक खाते होते. युद्ध संपल्यावर त्याचेच रूपांतर संसर्गजन्य रोगांच्या केंद्रात करण्यात आले. हिवतापाचा जोर त्या देशाच्या दक्षिणेकडच्या राज्यांत होता, म्हणून ही संस्था राजधानीत न जाता दक्षिणेतच राहिली. तीच पुढे सी. डी. सी. या आद्याक्षरांनी जगभर ओळखली जाऊ लागली. सेन्सर १९६० साली या संस्थेत आले, १९६६ साली तिचे संचालक झाले आणि १९७७ पर्यंत त्या पदावर राहिले. इतकी वर्षे त्या खुर्चीवर दुसरा कोणीही बसलेला नाही.

असा संचालक करतो काय? तो नाडी पाहत नाही, शस्त्रक्रिया करीत नाही. त्याच्यापुढे रोज अर्धवट बातम्या येतात. अमुक गावात चार मुले तापाने पडली, तमुक छावणीत एक जवान दगावला. त्यातली कोणती बातमी विसरून जावी आणि कोणत्या बातमीसाठी सरकारची तिजोरी उघडायला सांगावी, हे त्याला ठरवायचे असते. सगळी माहिती हाती येईपर्यंत थांबले, तर माहिती देणारे रुग्णच स्मशानात गेलेले असतात. कारखान्याच्या व्यवस्थापकाचे यश तयार मालात मोजता येते. याचे यश मात्र जे घडले नाही त्यात असते. आणि न घडलेल्या गोष्टीसाठी कोणत्याही वहीत रकाना नसतो. मुख्य अडचण आहे ती हीच.

आता सेन्सर यांची जमेची बाजू पाहू. जानेवारी १९६७ मध्ये पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या वीस देशांत देवी आणि गोवर या दोन रोगांविरुद्ध मोहीम सुरू झाली. तिचे नियोजन आणि माणसे सी. डी. सी. ची होती. साडेतीन वर्षांच्या आत, १९७० च्या मध्यापर्यंत, त्या सगळ्या टापूतून देवीचा रोग नाहीसा झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या देवी निर्मूलन मोहिमेचे प्रमुख डॉ. डी. ए. हेंडरसन हेही मूळचे याच संस्थेतले. १९६६ साली ते जिनिव्हाला गेले. चांगला माणूस दुसऱ्याच्या कामाला मोकळा करून देणे हे कोणत्याही खातेप्रमुखाला जड जाते. सेन्सर यांनी ते एकदा नव्हे, अनेकदा केले. पुढे भारतात आणि बांगलादेशातही त्यांच्या संस्थेची माणसे आपल्या लोकांच्या बरोबरीने खेडोपाडी हिंडली.

भारतात १९७४ साली देवीचे एक लाख ८८ हजार रुग्ण नोंदले गेले आणि त्यांतले ३१ हजारांहून अधिक दगावले. त्यानंतर वर्षभरातच, मे १९७५ मध्ये, देशातला शेवटचा रुग्ण सापडला. हे श्रेय मुख्यतः आपल्या हजारो आरोग्यसेवकांचे आहे, यात शंका नाही. दाराशी येऊन देवीच्या रुग्णाचे चित्र दाखवून 'असा कोणी घरात आहे का' असे विचारणारा माणूस हाच त्या लढाईचा खरा शिपाई होता.

या कामाचा एक धागा आपल्या बेळगावातून जातो, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? टिळकवाडीतले व्हॅक्सिन डेपो आपल्याला प्रदर्शनांसाठी, सकाळी फिरण्यासाठी आणि परीक्षेच्या दिवसांत झाडाखाली बसून वाचण्यासाठी ठाऊक असते. पण त्या जागेचे नाव डेपो का पडले? तिथे देवीची लस तयार होत होती म्हणून. भारतात देवीची गोठवून सुकवलेली लस तयार करणाऱ्या संस्था मोजून चार होत्या : नैनितालजवळचे पटवाडांगर, मद्रासजवळचे गिंडी, हैदराबाद आणि आपले बेळगाव. उन्हाळ्यात खेड्यात नेली तरी टिकणारी ती लस नसती, तर कितीही शिपाई पाठवून उपयोग झाला नसता. कानडीत म्हणतात, 'हित्तल गिड मद्दल्ल', परसातले झाड औषधी वाटत नाही. मराठीत आपण 'पिकते तिथे विकत नाही' म्हणतो. भाषा दोन, पण दोष एकच! देवीचा रोग गेला, तसा आपल्याला डेपोचाही विसर पडला. रोग घालवणाऱ्या प्रत्येक संस्थेच्या नशिबी हेच येते.

जमेची आणखी एक नोंद मला फार महत्त्वाची वाटते, कारण ती लस बंद करण्याची आहे. देवी टोचण्यानेही क्वचित अपाय होतो. १९६८ साली अमेरिकेत सुमारे एक कोटी ४० लाख लोकांना देवी टोचल्या, तेव्हा त्या टोचण्यामुळे नऊजण दगावल्याचे सी. डी. सी. च्या पाहणीत आढळले. आणि देवीचा रोग तर त्या देशात १९४९ नंतर दिसलाच नव्हता. म्हणजे लाभाचा आकडा शून्यावर आलेला आणि खर्चाचा आकडा माणसांच्या जिवात. १९७१ साली अमेरिकन आरोग्यसेवेने सरसकट देवी टोचणे बंद करण्याची शिफारस केली. लसीचा खर्चाचा रकाना या माणसांना दिसतच नव्हता, असे म्हणता येणार नाही. ही गोष्ट पुढच्या हकिकतीसाठी ध्यानात ठेवावी.

फेब्रुवारी १९७६ मध्ये न्यू जर्सी राज्यातल्या फोर्ट डिक्स या लष्करी छावणीत एक तरुण जवान इन्फ्लुएंझाने दगावला. तपासणीत विषाणू डुकरांमध्ये आढळणाऱ्या जातीचा निघाला. १९१८ साली जगभर थैमान घालणाऱ्या विषाणूशी त्याचे नाते आहे, असे तेव्हाचे शास्त्रज्ञ मानत होते. १९१८ म्हणजे काय, हे आपल्याकडे सांगायला नको. आपल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात 'मानमोडी' म्हणून जी साथ येते, तीच ही. एकट्या हिंदुस्थानात तिने एक कोटीहून अधिक माणसे नेली. छावणीतल्या दोनशेहून अधिक जवानांना हा नवा संसर्ग होऊन गेल्याचे रक्ततपासणीत दिसले, म्हणजे तो माणसाकडून माणसाकडे जात होता हे उघड होते. पुढच्या हिवाळ्यापूर्वी लस तयार करायची, तर कारखान्यांना लगेच सांगणे भाग होते. इन्फ्लुएंझाची लस कोंबडीच्या अंड्यांत वाढवावी लागते. लाखो अंड्यांची सोय आयत्या वेळी होत नाही.

सेन्सर यांनी १३ मार्च १९७६ या तारखेचे टिपण सरकारला सादर केले. संपूर्ण राष्ट्राला लस टोचावी, अशी त्यात शिफारस होती. २४ मार्चला अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी ती जाहीर केली. संसदेने साडेतेरा कोटी डॉलर मंजूर केले. मग पहिली अडचण आली ती डॉक्टरांकडून नव्हे, विमा कंपन्यांकडून. लसीने कोणाला अपाय झाला तर भरपाईची जोखीम आम्ही घेणार नाही, असे त्यांनी कारखानदारांना सांगून टाकले. शेवटी ऑगस्टमध्ये कायदा करून ती जोखीम सरकारने स्वतःच्या डोक्यावर घेतली. १ ऑक्टोबरला टोचणी सुरू झाली. थोड्याच दिवसांत पिट्सबर्गमध्ये लस घेतलेली तीन वृद्ध माणसे दगावली. त्या वयात हृदयविकाराने एरवीही मृत्यू होतात, लसीशी त्यांचा संबंध नव्हता. पण वर्तमानपत्रांतल्या मथळ्यांना तेवढी उसंत नसते. काही राज्यांनी टोचणी थांबवली, पुन्हा सुरू केली. तेवढ्यात खरा अपाय पुढे आला. लस घेतलेल्यांपैकी काहींना गुलियन-बॅरे हा आजार झाला. नसांवर आघात करून हातपाय लुळे पाडणारा हा आजार म्हणजे २०२५ च्या जानेवारीत ज्याच्या नावाने पुण्यात घबराट उडाली तोच. पुण्यात त्याचे कारण वेगळे होते. प्रमाण होते लस घेतलेल्या एक लाखात सुमारे एक. १६ डिसेंबरला मोहीम थांबली. तोवर चार कोटींहून अधिक लोकांना टोचून झाले होते आणि फोर्ट डिक्सच्या बाहेर साथीचा मागमूस नव्हता.

फेब्रुवारी १९७७ मध्ये नव्या सरकारचे आरोग्यमंत्री जोसेफ कॅलिफानो यांनी सेन्सर यांना पदावरून दूर केले. अकरा वर्षांच्या खतावणीतले एकच पान उघडले गेले आणि खाते बंद झाले.

माझा मुद्दा इथून सुरू होतो. सेन्सर यांनी लस तयार करायला सांगितले, ही चूक होती का? मी म्हणतो, नाही. निर्णयाची परीक्षा निर्णयाच्या दिवशी जे ठाऊक होते त्यावरून करायची असते; वर्षभराने जे कळले त्यावरून नव्हे. गोदामाचा आगीचा विमा उतरवला आणि वर्षभर आग लागली नाही, म्हणून हप्ता वाया गेला असे म्हणणारा व्यापारी आपल्या बाजारपेठेत एकही सापडणार नाही. पण आरोग्याच्या बाबतीत आपण नेमके तसेच म्हणतो. मानमोडीसारखी साथ येण्याची शक्यता शंभरात पाचच आहे, असे धरले तरी पारड्यात काय आहे ते पाहा. एका बाजूला काही कोटी डॉलर, दुसऱ्या बाजूला काही लाख माणसे.

'फळावरून झाड ओळखावे' असे यावर कोणी म्हणेल. पण जुगाऱ्यालाही कधी कधी फळ मिळतेच. जो अधिकारी काहीच करीत नाही आणि नशिबाने साथ येत नाही, त्याचे फळ गोड. त्याला बढती मिळते. जो सावध राहतो आणि साथ येत नाही, त्याचे फळ कडू. मग पुढच्या माणसाने कोणता धडा घ्यावा? कागद दाबून ठेवावा, समिती नेमावी, वरून आदेश येईपर्यंत स्वस्थ बसावे, हाच. एका सेन्सर यांना घालवताना त्यांच्या मागे येणाऱ्या शंभर जणांना आपण गप्प बसायला शिकवतो, हा तोटा कोणत्याच पत्रकात दिसत नाही.

म्हणून सेन्सर निर्दोष होते का? तसेही नाही, आणि इथे मला त्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांशीही भांडावेसे वाटते. तरतूद करणे वेगळे आणि खर्च टाकणे वेगळे, हे आमच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळते. लस तयार करून गोदामात ठेवणे ही तरतूद. ती चार कोटी दंडांत टोचणे हा खर्च, आणि तो परत न घेता येणारा. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता आल्या असत्या. लस साठवून ठेवावी आणि साथीची पहिली चिन्हे दिसली की टोचावी, असे सुचवणारे लोक तेव्हाही होते. पोलिओची तोंडाने द्यायची लस शोधणारे डॉ. अल्बर्ट सेबिन आधी मोहिमेच्या बाजूने होते, पण त्याच वर्षी ते साठवणुकीचा आग्रह धरू लागले. याला सेन्सर यांच्या बाजूने उत्तर होते, आणि ते पोकळ नव्हते : इन्फ्लुएंझा इतक्या वेगाने पसरतो की चिन्हे दिसल्यावर वीस कोटी लोकांना टोचायला वेळच उरणार नाही. मान्य. पण मार्च गेला, एप्रिल गेला, सगळा उन्हाळा गेला आणि जगात कुठेही दुसरा उद्रेक झाला नाही. या प्रत्येक टप्प्यावर 'आता पुन्हा हिशेब करू' असे म्हणण्याची जागा मूळ योजनेतच ठेवायला हवी होती. ती नव्हती. साथ येण्याची शक्यता किती, हेही कोणी आकड्यात मांडून टिपणात लिहिले नव्हते.

हे माझे एकट्याचे शहाणपण नाही. ज्या कॅलिफानो यांनी सेन्सर यांना काढले, त्यांनीच हार्वर्डच्या रिचर्ड न्यूस्टाट आणि हार्वे फाइनबर्ग यांना या प्रकरणाचा अभ्यास करायला सांगितले. त्यांचा अहवाल १९७८ साली प्रसिद्ध झाला. फेरविचाराचे टप्पे ठरवले नाहीत आणि तयारी व अंमलबजावणी एकत्र बांधली, हे त्यातले मुख्य आक्षेपांपैकी दोन. आपल्या भाषेत सांगायचे तर अंदाजपत्रक केले, पण तिमाही आढावा ठेवला नाही. मला तर वाटते, विमा कंपन्यांनी हात वर केले तोच आढाव्याचा दिवस होता. ज्यांचा धंदाच जोखीम मोजण्याचा, ते एकाएकी मागे सरतात तेव्हा त्यांना फक्त लोभी म्हणून भागत नाही. त्यांना काय दिसले, ते विचारावे लागते.

आणि एक नोंद अशी आहे, जिच्यासाठी सेन्सर यांना कोणी काढले नाही. अलाबामा राज्यातल्या टस्कीगी इथे १९३२ पासून अमेरिकन आरोग्यसेवेचा एक अभ्यास चालू होता. उपदंश झालेल्या सुमारे चारशे गरीब काळ्या माणसांना उपचार न देता, रोग कसा वाढतो एवढेच पाहत राहायचे. रोग कोणता आहे हेही त्यांना नीट सांगितलेले नव्हते. पेनिसिलीनने हा रोग बरा होतो हे कळल्यावरही ते त्यांना मिळू दिले नाही. पुढे हा अभ्यास सी. डी. सी. कडे आला. पीटर बक्स्टन नावाच्या आरोग्यसेवेतल्याच एका तरुण कर्मचाऱ्याने १९६६ पासून लेखी तक्रारी केल्या. १९६९ साली सी. डी. सी. मध्ये तज्ज्ञांची बैठक झाली आणि अभ्यास चालू ठेवावा, असे ठरले. तेव्हा संचालक सेन्सर होते. जुलै १९७२ मध्ये वृत्तपत्रांनी ही गोष्ट चव्हाट्यावर आणली, तेव्हा कुठे तो थांबला.

या दोन पानांची तुलना करा. १९७६ मध्ये अपुऱ्या माहितीवर, लोकांना वाचवण्यासाठी घाईने निर्णय घेतला गेला. त्याबद्दल पद गेले. १९६९ मध्ये पुरेशी माहिती होती, औषध होते, तक्रार समोर होती, वेळही होता. तरी काही केले नाही, आणि त्याबद्दल खुर्चीला धक्काही लागला नाही. कारण पहिली चूक चार कोटी लोकांच्या दंडावर दिसत होती. दुसरी चारशे गरिबांच्या रक्तात लपून राहिली होती. आपला हिशेब किती उलटा आहे, याचा यापेक्षा मोठा पुरावा मला देता येणार नाही. केल्याची चूक आपण पाहतो. न केल्याची चूक पाहत नाही. त्यातही ज्यांच्यावर अन्याय झाला ते गरीब असतील, तर मुळीच पाहत नाही.

आणखी एक योगायोग सांगण्याजोगा आहे. १९७६ च्या जुलैमध्ये फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात माजी सैनिकांच्या संघटनेचे अधिवेशन भरले होते. त्यानंतर एका अनोळखी न्यूमोनियाने ३४ माणसे दगावली. कारण सापडत नव्हते. महिनोन्महिने वर्तमानपत्रे सी. डी. सी. ची टर उडवत होती. जानेवारी १९७७ मध्ये त्याच संस्थेतल्या डॉ. जोसेफ मॅकडेड यांनी या रोगाचा जिवाणू शोधून काढला. पुढच्याच महिन्यात संचालकांना घरी पाठवण्यात आले. एप्रिल १९७७ मध्ये भारत देवीमुक्त असल्याचे आंतरराष्ट्रीय आयोगाने मान्य केले आणि ऑक्टोबरमध्ये सोमालियात जगातला देवीचा शेवटचा नैसर्गिक रुग्ण नोंदला गेला. ज्या कामात त्यांचा मोठा वाटा होता ते काम पुरे झाले तेव्हा ते कार्यालयाच्या बाहेर होते.

सेन्सर पुढे १९८२ पासून काही वर्षे न्यूयॉर्क शहराचे आरोग्य आयुक्त होते. एड्सच्या त्या पहिल्या काळात त्यांच्यावर नेमका उलटा आरोप झाला : ते फार सावकाश चालतात! एकाच माणसावर घाईचा आणि दिरंगाईचा, असे दोन्ही आरोप व्हावेत, यात त्या माणसाइतकाच त्या खुर्चीचाही स्वभाव दिसतो. २००६ साली त्यांनी आपले सहकारी डॉ. डोनाल्ड मिलर यांच्यासह १९७६ च्या प्रकरणावर लेख लिहिला. माणसांच्या जिवाचा प्रश्न असेल तेव्हा कमी करण्यापेक्षा जास्त करून चुकणे बरे, असे मत त्यांनी तीस वर्षांनंतरही त्यात मांडले. २०११ साली ते वारले. संस्थेच्या अटलांटातल्या संग्रहालयाला आज त्यांचे नाव आहे.

हे सगळे दूर अमेरिकेतले झाले, आपला काय संबंध, असे समजू नये. २००९ साली जे 'स्वाईन फ्लू' हे नाव आपल्या घराघरांत पोचले, त्या साथीतला भारतातला पहिला मृत्यू ऑगस्टमध्ये पुण्यात झाला. त्या वर्षी साथ खरोखरच आली होती. २०२० साली आम्ही शाळेत होतो. पुस्तके बंद आणि मोबाईल उघडे. तेव्हा रोज संध्याकाळी जिल्ह्याचे आकडे सांगणाऱ्या अधिकाऱ्यांना लोक काय काय बोलत, हे प्रत्येकाने ऐकले आहे. रस्ते बंद केले तर 'पोटावर पाय', उघडले तर 'जिवाशी खेळ'. पावसाळ्यात कोणत्याही नगरपालिकेत हेच चालते. डासांसाठी फवारणी केली आणि डेंग्यू झाला नाही, तर सभेत विचारतात, 'फवारणीचे बिल एवढे कसे?' फवारणी केली नाही आणि डेंग्यू झाला, तर विचारतात, 'आरोग्याधिकारी झोपले होते काय?' बिचाऱ्याने करावे तरी काय? आणि खुद्द सी. डी. सी. मध्ये, ऑगस्ट २०२५ मध्ये, संचालिका डॉ. सुसान मोनारेझ यांना पदावर येऊन महिना झाला नाही तोच दूर करण्यात आले. वाद पुन्हा लसींच्या धोरणाचाच होता. म्हणजे खुर्चीवरची माणसे बदलली, पण त्यांचा हिशेब कसा करावा हा प्रश्न पन्नास वर्षांनीही सुटलेला नाही.

माझ्या मते हा हिशेब नीट मांडायचा तर तीन गोष्टी कराव्या लागतील. पहिली, अधिकाऱ्याने निर्णयाच्या दिवशीच कागदावर लिहावे : मला काय ठाऊक आहे, काय ठाऊक नाही, धोका किती वाटतो, आणि कोणत्या तारखेला मी पुन्हा पाहीन. हा कागद लोकांना उघड असावा. दुसरी, त्याची चौकशी करणाऱ्याने त्या कागदावरूनच करावी; निकाल लागल्यावर सुचलेल्या शहाणपणावरून नव्हे. तिसरी, चौकशीत जे केले त्याबरोबर जे केले नाही तेही विचारावे, आणि ज्यांना ओरडता येत नाही त्यांच्या वतीने आधी विचारावे. टस्कीगीचे प्रकरण वर्तमानपत्रांपर्यंत जाऊ न देता थांबवण्याचा हाच एक मार्ग होता.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्यातले काही जण उद्या हिशेब तपासनीस होतील, काही बँकेत जातील, एखादा नगरसेवकही होईल. आपल्यापुढे आरोग्यखात्याच्या खर्चाची बिले येतील आणि 'हा खर्च कशासाठी, काही झाले तर नाही' असा शेरा मारण्याचा मोह आपल्यालाही होईल. तो शेरा मारण्यापूर्वी एवढेच विचारावे, की काही झाले नाही ते नशिबाने की या खर्चामुळे? उत्तर नेहमी मिळणार नाही. पण प्रश्न विचारला गेला, तर खर्च करणाराही सावध राहील आणि तपासणाराही. आणि टिळकवाडीला जाल तेव्हा व्हॅक्सिन डेपोच्या फाटकावरची पाटी एकदा नीट वाचा. तिथल्या जुन्या खर्चाचा लाभ आपल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर आहे : आपल्या पिढीत देवीचे व्रण असलेला चेहरा एकही नाही.